‘पक्क्या’ घरांचे कच्चे शास्त्र

वैशाखातील एखाद्या दुपारी बिलोलीच्या कोणत्याही नव्या वस्तीतून फेरी मारावी. रस्त्यावर चिटपाखरू नसते, हे स्वाभाविक आहे. पण घरांतही कोणी सुखात नसते. डोक्यावर चार-पाच इंचांचा स्लॅब, भोवती विटांच्या बारीक भिंती, पश्चिमेच्या अंगाला काचेची ऐसपैस खिडकी आणि वरून गरम हवा खाली ढकलणारा पंखा. ऊन कलले तरी या घरातील काहिली शमत नाही. दिवसभर प्यालेली उष्णता छत रात्री ओकू लागते. दहा वाजता घरातील माणसे अंथरुणे घेऊन गच्चीवर जातात, म्हणजे ज्या छताखाली झोप येत नाही त्याच छताच्या पाठीवर झोपतात! आजीला जिना चढवत नाही. ती खालीच कूस पालटत पडते. वीज असली तर कूलरसमोर आणि नसली तर हातातल्या पंख्याच्या आधाराने.

शासनदरबारी या घराचे नाव आहे ‘पक्के घर’.

‘पक्के’ म्हणजे काय, याचा शोध घेतला तर मौजेची माहिती हाती येते. आपल्या जनगणनेत घर कायमस्वरूपी आहे की नाही हे भिंती आणि छत कशाचे आहे यावरून ठरते. कायमस्वरूपी साहित्याच्या यादीत काँक्रीट आहे, भाजलेली वीट आहे, तसेच लोखंडाचे आणि ॲसबेस्टॉसचे पत्रेही आहेत. मातीला तेथे स्थान नाही. म्हणजे मे महिन्यात ज्याच्यावर हात ठेववत नाही ते पत्र्याचे छप्पर पक्के, आणि ज्याच्या खाली बसले असता बाहेरच्या झळांचा विसर पडतो ते फूट-दीड फूट मातीचे माळवद मात्र कच्चे! घरात माणूस कसा राहतो, त्याला झोप लागते की नाही, तान्ह्या मुलाच्या अंगावर घामोळे उठते की नाही, हा प्रश्न व्याख्या करणाऱ्यांना पडलेलाच दिसत नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेत कच्च्या भिंती आणि कच्चे छत हे वंचिततेचे लक्षण मानले गेले आणि पुढे घरकुलांच्या याद्या त्या आधारे निघाल्या. गरिबाला गळक्या, पडक्या खोपटातून बाहेर काढण्याचा हेतू स्तुत्यच आहे; त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती एका विशेषणाविषयी. त्या विशेषणाने दोन पिढ्यांच्या मनावर असे बिंबवले की माती म्हणजे दारिद्र्य आणि सिमेंट म्हणजे प्रतिष्ठा.

ज्याला आपण कच्चे म्हणून हिणवले ते घर कसे होते? बिलोली तालुक्याच्या कडेने मांजरा वाहते. नदीच्या पलीकडे तेलंगणातील निजामाबाद जिल्हा लागतो आणि पुढे कंदकुर्तीजवळ ती गोदावरीला मिळते. (डॉ. हेडगेवारांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणून कंदकुर्तीचे नाव स्वयंसेवकांना सांगण्याची गरज नाही.) या साऱ्या पट्ट्यातील उन्हाळा कोरडा आणि कठोर. पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो, पण आकाश निरभ्र असल्यामुळे रात्र बरीच निवते. दिवस आणि रात्र यांच्या तापमानात पंधरा अंशांच्या आसपास अंतर पडते. आपल्या पूर्वजांनी घर रचले ते या अंतरावर. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. आत लाकडी खांब आणि तुळया यांचा सांगाडा. त्यावरूनच घर ‘पाच खणी’ की ‘सात खणी’ हे ठरे. तुळयांवर लाकडे, त्यावर किलचा, त्यावर पाला आणि मातीचे थर, सर्वांत वर गढीची पांढरी माती. ही माती पावसाचे पाणी आत मुरू देत नाही, हे ज्ञान कोणत्याही महाविद्यालयात मिळालेले नव्हते.

भर उन्हात तापलेल्या चार-पाच इंचांच्या स्लॅबमधून उष्णता तीन-चार तासांत खाली उतरते, म्हणजे नेमकी संध्याकाळी, माणसे घरी परतण्याच्या वेळी. दीड-दोन फुटांच्या मातीला तीच उष्णता पार करायला दहा-बारा तास लागतात. ती आतल्या बाजूला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते, बाहेरची हवा गार झालेली असते आणि माळवदातल्या सवण्यातून, म्हणजे उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, आतली ऊब वर निघून जाते. पहाटेपर्यंत भिंती निवतात आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हाला तोंड द्यायला सिद्ध होतात. चौसोपी वाड्यातील चौक हेच काम मोठ्या प्रमाणावर करी. ओसरीमुळे भिंतीला ऊन लागत नसे. ढाळजेतून येणारा वारा चौकात शिरे. सकाळी नऊ वाजता दारे-खिडक्या लोटून घ्यायच्या आणि दिवस मावळला की सताड उघडायच्या, हा आजीचा शिरस्ता होता. आज पाश्चात्त्य विद्यापीठांत हेच सारे ‘पॅसिव्ह सोलर’ या नावाने शिकवले जाते. यंत्राविना, इंधनाविना, केवळ घराची दिशा, सावली, जाडी आणि वारा यांच्या बळावर घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार ठेवणे, असा त्याचा अर्थ.

येथवर वाचून गतकाळाच्या गौरवाने ज्यांची छाती फुगली असेल त्यांनी जरा थांबावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात जे घडले ते मराठवाडा विसरलेला नाही. गणेशविसर्जन आटोपून झोपलेली गावे उठलीच नाहीत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे याच जाड भिंतींखाली आणि याच मातीखाली गाडली गेली. माळवदाची भलामण करणाऱ्याने या मृतांना उत्तर दिले पाहिजे.

उत्तर आहे, आणि ते ढिगारे तपासणाऱ्यांनीच देऊन ठेवले आहे. त्या भिंती जाड दिसत, पण बहुतेक ठिकाणी ती एक भिंत नव्हतीच. आत एक पदर, बाहेर एक पदर आणि मध्ये गोट्या-मातीची भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार लांब दगड घालण्याची जुनी शिस्त सुटली होती. धक्का बसताच दोन पदर विलग झाले आणि भिंत फुटली. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर मातीचा नवा थर पडत राहिला, खालचा थर मात्र कोणी उतरवला नाही. छताचे ओझे वर्षानुवर्षे वाढत गेले. खांब आणि तुळई यांच्या सांध्यांना तिरपे आधार नव्हते. तरीही कित्येक घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या. माणसे मातीने मारली नाहीत; कारागिरीच्या ऱ्हासाने मारली. त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्युरोने मातीची घरे आणि कमी मजबुतीची दगडी बांधकामे भूकंपात कशी टिकवावीत याची दोन स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली, आयएस १३८२७ आणि आयएस १३८२८. माती आणि दगड यांना विज्ञानाने वाळीत टाकलेले नव्हते, हे ध्यानी घ्यावे.

जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणा पाहून २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे, रुंद सरळ रस्ते, ओळीने मांडलेले ठोकळे. उभ्या राहिलेल्या जुन्या घरांत आरपार दगड बसवणे, छतावरची जादा माती उतरवणे, सांधे बळकट करणे हाही त्याच कार्यक्रमाचा भाग होता. पण भ्यालेल्या मनाला दगड नकोसा झाला होता, आणि त्या भीतीला दोष कोण देईल? दोष द्यायचा तर तो त्यानंतरच्या तीस वर्षांना दिला पाहिजे. भूकंपापासून माणूस वाचवण्यासाठी आपण काँक्रीट स्वीकारले, ते ठीक. पण त्याच काँक्रीटखाली तो दर उन्हाळ्यात भाजून निघतो, या प्रश्नाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. किल्लारीपासून दूर असलेल्या नांदेड जिल्ह्यातही तीच घरे आली. २०२४ च्या मार्च आणि जुलैत हिंगोली-नांदेड परिसराला धक्के बसले तेव्हा स्लॅबखालच्या माणसांना थोडे हायसे वाटले असेल. मात्र भूकंप क्वचित येतो, वैशाख दरवर्षी येतो.

दोन्ही संकटांतून एकदम सुटका होऊ शकत नाही, असे थोडेच आहे? बिलोली उत्तर अक्षांशाच्या पावणेएकोणीस अंशांजवळ आहे. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस भर मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जूनमध्ये तो किंचित उत्तरेकडून तळपतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र दक्षिणेकडे कलून मध्यान्हीलाही क्षितिजापासून अवघ्या ४८ अंशांवर राहतो. एवढे ज्याला कळले त्याला घर बांधण्याचे निम्मे शास्त्र कळले. उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन छतावर पडते, म्हणून पहिला खर्च छतावर झाला पाहिजे. सकाळी आणि दुपारनंतर ऊन पूर्व-पश्चिमेकडून तिरपे येते. ते कोणत्याही छज्ज्याला जुमानत नाही. म्हणून पश्चिमेला खिडकी लहान ठेवावी, तेथे न्हाणीघर, जिना, कोठी घालावी, किंवा ओसरी काढावी, लिंब लावावा. दक्षिणेच्या चार फूट उंच खिडकीवर लगतच दीड फूट रुंद छज्जा काढला, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्या खिडकीवर थेट ऊन पडत नाही. तोच छज्जा डिसेंबरात मध्यान्हीचे ऊन अडवत नाही; खिडकीचा खालचा सव्वादोन फूट भाग उन्हाने न्हाऊन निघतो आणि जमीन तापून रात्री ऊब देते. एकाच छज्ज्यात पंखाही आहे आणि शेगडीही! याला वीज लागत नाही, परदेशी तंत्रज्ञ लागत नाही. बांधणाऱ्याला दिशा ठाऊक असाव्या लागतात, इतकेच.

याउलट आपण काय केले? ज्या देशांत सूर्य दुर्मिळ, तेथे माणसे काचेच्या भिंती उभारतात. सूर्याला घरात ओढून आणण्यासाठी. फेलिक्स त्रोंब या फ्रेंच संशोधकाचे नाव ज्या भिंतीला मिळाले ती काचेआड काळी रंगवलेली जाड भिंत, दिवसा ऊन साठवते आणि रात्री खोलीला देते. आपल्याच लडाखमध्ये या तत्त्वावरची दक्षिणाभिमुख घरे कडाक्याच्या थंडीत उबदार राहतात. लडाखला ते शोभते. बिलोलीच्या बाजारपेठेत, नायगाव-देगलूरच्या रस्त्यांवर जी काचेची दर्शनी भिंत उभी राहते, तिचे प्रयोजन काय? मुंबई-पुण्याने परदेशाचे अनुकरण केले, नांदेडने पुण्याचे केले आणि बिलोलीने नांदेडचे. परानुकरणाच्या या उतरंडीत प्रत्येक पायरीवर ऊन वाढत गेले आणि अक्कल घटत गेली.

आणि हे घडते ते स्वदेशीचा जयघोष करणाऱ्या घरांतही, हे कबूल केलेले बरे. चिनी वस्तूंवर बहिष्काराची पत्रके वाटणारा गृहस्थ स्वतःचे घर बांधताना ज्या नकाशावर सही करतो, तो कोठल्या हवामानासाठी काढला आहे हे विचारत नाही. वास्तूच्या पंडिताला मात्र तो आवर्जून बोलावतो. ज्या वास्तुविद्येने दिशा, वारा आणि ऊन यांचा एवढा विचार केला, तिच्या नावाने चाललेल्या बाजारात स्वयंपाकघराचा ओटा हलवला जातो, दाराला आरसे टांगले जातात. पश्चिमेची खिडकी लहान करा असे सांगणारा पंडित विरळा. याचा सर्वाधिक भार कोण वाहतो? कर्ता पुरुष दिवसभर कार्यालयात किंवा दुकानात असतो. भर दुपारी तापलेल्या छताखाली चुलीपुढे अथवा गॅसपुढे उभी असते ती गृहिणी, आणि घरात असतात म्हातारी माणसे आणि मुले. नकाशा ठरवताना या तिघांना कोणी विचारले होते?

उपाय म्हणून कूलर येतो. कोरड्या हवेत तो उपयोगी आहे, यात शंका नाही. पण तो पाण्यावर चालतो. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या लातूरच्या शेजारी आपण राहतो. पाणी आटते तेच महिने कूलरचे. ज्याची ऐपत आहे तो वातानुकूलन यंत्र बसवतो. ते घरातील उष्णता उचलून गल्लीत टाकते, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत. शेजाऱ्यालाही मग यंत्र घ्यावे लागते, आणि विजेचा भार वाढून रोहित्र जळाले की दोघेही गच्चीवर!

शासनाला यातले काही ठाऊकच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ काढली. भिंती आणि छतातून घरात किती उष्णता शिरू द्यावी याची मर्यादा तिने घालून दिली. उत्तम! पण ती लागू केली ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींना. बिलोलीत एवढ्या भूखंडावर घर बांधणारे किती असतील? थंडाव्याचा नियम धनिकाला, आणि दीड-दोन हजार फुटांच्या जागेवर कर्ज काढून घर बांधणारा शिक्षक, कारकून, किराणा दुकानदार नियमाबाहेर. घरकुलाचा लाभार्थी तर हिशेबातच नाही. त्याच्यासाठी ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’, म्हणजे प्रकृती, हुनर, लोकविद्या, या नावाचा संग्रह सिद्ध केला आहे. हवामान, भूकंपाचा धोका आणि स्थानिक साहित्य ध्यानात घेऊन प्रदेशवार घरांचे नमुने त्यात दिले आहेत. इतके चांगले काम झाले, पण २५ चौरस मीटरचे घर बांधणाऱ्या गावकऱ्यापर्यंत ते किती पोचले? प्रधानमंत्री आवास योजनेत ठेकेदाराला थारा नाही, घर लाभार्थ्यानेच बांधायचे आहे. कसे बांधायचे याचे स्वातंत्र्य त्याच्यापाशी आहे. पण गवंडी एकच घर जाणतो आणि अभियंता एकाच घराचे हप्ते बिनघोर मंजूर करतो. मैदानी भागासाठी ठरलेले १ लाख २० हजारांचे मूळ साहाय्य त्या एकाच ठोकळ्यात जिरते.

मांजरेच्या पलीकडे काय चालले आहे तेही पाहावे. तेलंगण सरकारने २०२३ साली पाच वर्षांसाठी शीतछत धोरण जाहीर केले. सूर्यप्रकाश परतवणारी छते सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्तीची केली, मोठ्या निवासी इमारतींनाही त्यात घेतले. २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि पुढे गरिबांच्या वस्त्यांत छतांना पांढरा रंग दिला. ही काही अवघड विद्या नव्हे. पांढरा चुना आपल्या बाजारात मिळतो. मार्चमध्ये गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले तर ऊन मोठ्या प्रमाणात परतते. पावसाळ्यात तो धुतला गेला तर पुढल्या वर्षी पुन्हा द्यावा. माळवदाला दरवर्षी माती घालत होतोच की!

नवे घर बांधणाऱ्याला तर याहून पुष्कळ करता येते. माळवद होते तसे परत आणावे, असे कोणी म्हणत नाही. त्यातले विंचू, गळती, दर आठवड्याचे सारवण यांची आठवण ज्यांनी ते सोसले त्यांना आहे. पण काँक्रीटचा सांगाडा आणि भूकंपरोधक पट्टे ठेवून भिंती स्थानिक दगडाच्या किंवा दाबून केलेल्या मातीच्या विटांच्या घेता येतात. लॉरी बेकर यांनी केरळात आयुष्यभर वापरलेल्या युक्त्या आहेत: स्लॅबच्या खालच्या थरात जुनी कौले बसवून काँक्रीट वाचवणे आणि उष्णता अडवणे, विटा उभ्या रचून भिंतीत हवेची पोकळी ठेवणे. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा आणि वर पांढऱ्या फरश्यांचे तुकडे, हे तर आपल्या गवंड्यालाही येते. खर्च वाचवण्याच्या नादात सर्वांत आधी तेच गाळले जाते आणि वाचलेले पैसे फाटकावरच्या ग्रॅनाइटच्या नामफलकाला जातात. छताजवळ झरोके ठेवावेत, म्हणजे वर साठलेली ऊब रात्री निघून जाईल. झरोक्याला आणि खिडकीला जाळी बसवावी, म्हणजे डासांचे निमित्त सांगून ती बंद ठेवावी लागणार नाही.

हे करून दाखवायला कोणी परका येणार नाही. बिलोली तालुक्यातच सगरोळी येथे संस्कृती संवर्धन मंडळासारखी जुनी संस्था आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे; शेतकऱ्याला नवे वाण शेतात पेरून दाखवल्याशिवाय तो विश्वास ठेवत नाही, हे त्यांना सांगायला नको. घराचेही तसेच आहे. तालुक्यातील एका गावी घरकुलाच्या त्याच रकमेत, त्याच २५ चौरस मीटरांत, दोन घरे शेजारी-शेजारी बांधली जावीत: एक नेहमीचे आणि एक सावली-दिशा-जाडीचा विचार केलेले. दोन्ही घरांत तापमापक टांगून दोन उन्हाळे नोंदी ठेवाव्यात आणि त्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहाव्यात. गवंड्यांचे प्रशिक्षण त्याच बांधकामावर व्हावे. पंचायत समितीने ‘पहल’मधील नमुने मराठीत छापून लाभार्थ्याच्या हाती द्यावेत, आणि बिलोली व कुंडलवाडीच्या नगर परिषदांनी बांधकाम परवाना देताना एक साधा प्रश्न विचारावा: या घराची पश्चिमेची भिंत सावलीत कशी राहणार? नकाशावर उत्तर दिशेचा बाण नियमानुसार काढलेला असतोच. परवाना देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने त्याच्याकडे एकदा पाहावे.